बॅनरमन रोडवरची सारा जेन

तेरा, बॅनरमन रोड, ईलिंग. पत्ता काल्पनिक आहे, पण आमच्या पश्चिम लंडनमध्ये वाढलेल्या आणि आता विशी-तिशीत असलेल्या पुष्कळ मुलांना तो तोंडपाठ आहे. २००७ ते २०११ या काळात बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर ‘द सारा जेन ॲडव्हेंचर्स’ ही मालिका लागायची. माळ्यावर बोलणारा संगणक, दारात परग्रहावरची संकटं आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारी साठीची एक पत्रकार, सारा जेन स्मिथ. ती भूमिका करणारी एलिझाबेथ स्लेडन १९ एप्रिल २०११ रोजी कर्करोगाने गेली. वय ६५. आजाराची बाहेर कुणाला कुणकुण नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिचं आत्मचरित्र निघालं. ते मी आत्ता वाचून खाली ठेवलं आहे.

माझी लेक तेव्हा प्राथमिक शाळेत होती. बातमी कळली तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखी ती रडली होती. मला त्या रडण्याचा अर्थ पुरता कळला नव्हता, कारण माझ्या लहानपणात सारा जेन कुठेच नव्हती. माझ्या पिढीच्या इंग्रजांसाठी मात्र ती १९७३ पासून होती. ‘डॉक्टर हू’ ही मालिका इथे १९६३ मध्ये सुरू झाली. निळ्या पोलीस चौकीत बसून काळाच्या आरपार फिरणारा डॉक्टर आणि त्याच्या सोबतीला पृथ्वीवरचं एखादं माणूस, एवढाच तिचा सांगाडा. त्या सोबत्यांमध्ये सारा जेन लोकांना सर्वांत जास्त आवडली. का, ते पुस्तकात कळतं.

स्लेडन लिव्हरपूलची. तिथल्या प्लेहाउस नाट्यगृहात ती साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक म्हणून लागली. खुर्च्या मांडायच्या, नटांना वर्दी द्यायची, आणि गरज पडली तर प्रेत होऊन रंगमंचावर पडून राहायचं. अशीच ती प्रेत झालेली असताना डॉक्टरचं काम करणारा नट तिला तपासायला वाकला आणि कानात फुटबॉलच्या निकालाच्या थाटात म्हणाला, श्वास शून्य, ॲस्टन व्हिला दोन. प्रेताला हसू आवरेना. बोलणी तिला बसली. तो नट म्हणजे ब्रायन मिलर. १९६८ मध्ये दोघांनी लग्न केलं आणि संसार शेवटपर्यंत टिकला.

असल्या हकिकतींमुळे हे पुस्तक तारकेचं वाटत नाही, काम करणाऱ्या बाईचं वाटतं. ‘डॉक्टर हू’मधल्या ‘रिव्हेंज ऑफ द सायबरमेन’ या कथेचं चित्रण सॉमरसेटमधल्या वूकी होल गुहांमध्ये झालं. गुहेतल्या नदीत तिची छोटी यांत्रिक होडी ताब्यात राहीना, तेव्हा तिने पाण्यात उडी घेतली. साहसदृश्यं करणाऱ्या टेरी वॉल्शने झेप घेऊन तिला बाहेर काढलं नसतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि नंतर? नंतर पुन्हा काम सुरू. आपल्या नाटकवाल्यांना हे नव्याने सांगायला नको.

१९७६ मध्ये तिने मालिका सोडली. जाताना तिची मागणी एकच होती, साराला मारू नका आणि तिचं लग्नही लावून देऊ नका. मला ही मागणी फार मोलाची वाटते. मालिकेतून बाई बाहेर पडायची तर या दोन दारांपलीकडे तिसरं दार लेखकांना सहसा सुचत नसे. मग शेवटच्या प्रसंगात डॉक्टर तिला घरी, म्हणजे साउथ क्रॉयडनला सोडतो आणि निघून जातो. भोवती पाहिल्यावर तिच्या लक्षात येतं, हे आपलं गाव नव्हेच. ते ॲबर्डीन होतं, स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं, हे प्रेक्षकांना कळलं तब्बल तीस वर्षांनी, २००६ मध्ये, ती पाहुणी म्हणून परतली तेव्हा. नको त्या गावी उतरून तिथूनच पुढचा रस्ता शोधणारी ही बाई आम्हा परदेशस्थांना परकी कशी वाटावी?

मधल्या वर्षांत १९८५ मध्ये तिला मुलगी झाली, आणि त्यानंतर कामं थोडी झाली. २००६ मधला डॉक्टर होता डेव्हिड टेनंट, लहानपणी हीच मालिका पाहून नट व्हायचं ठरवलेला. या आत्मचरित्राची प्रस्तावना त्याचीच आहे.

लेकीच्या रडण्याचा अर्थ लागला तो मात्र चंद्रा कुटुंबामुळे. ‘सारा जेन ॲडव्हेंचर्स’च्या दुसऱ्या वर्षी सारा जेनच्या समोरच्या घरात हे भारतीय वंशाचं कुटुंब राहायला येतं. वडील हरेश शाळेचे मुख्याध्यापक, आई गीताचं फुलांचं दुकान, आणि मुलगी रानी, जिला सारा जेनसारखं पत्रकार व्हायचं आहे. भारतीय आहेत म्हणून कुणी त्यांची वेगळी ओळख करून देत नाही. शेजारी आहेत, झालं. या शहरात आपलं स्थान काय, हे माझ्या लेकीला मी कधी नीट सांगू शकले नाही. सारा जेनने शेजारच्या मुलीला घरात घेऊन ते तिला सांगितलं होतं. म्हणून ती रडली.

एक गोष्ट वाचताना सतत डोक्यात होती. त्या काळी बीबीसी चित्रफिती पुसून पुन्हा वापरत असे. स्लेडनच्या दुसऱ्याच कथेच्या, ‘इन्व्हेजन ऑफ द डायनोसॉर्स’च्या पहिल्या भागाची रंगीत फीत अशीच गेली, मागे कृष्णधवल प्रत तेवढी उरली. फीत पुसली, तरी गुहेतलं गार पाणी आणि कानातली कुजबुज या पुस्तकात शिल्लक आहे, कारण तिने पुस्तकाचा सहलेखक जेफ हडसनला जवळ बसवून सगळं वेळेत सांगून ठेवलं.

आपल्याकडेही वेगळं नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, सारा जेनच्या पडद्यावर येण्याआधी सुमारे सव्वा वर्ष. त्या पहिल्या वर्षांतलं कितीतरी आज पाहायला मिळत नाही. पण वरळीच्या त्या स्टुडिओत उभे राहिलेले नट, निर्माते, कॅमेरावाले, रंगभूषाकार आपल्यात अजून आहेत. त्यांच्यापैकी कुणी तुमच्या ओळखीचं असेल, शेजारी असेल, तर या रविवारी त्यांच्याकडे जा, फोनवरचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि त्यांना बोलतं करा. लिहून काढणारे नंतर भेटतील.