विरुद्धार्थी शब्द

'अभिमान' या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द कोणता, असा प्रश्न शाळेत आला तर 'नम्रता' असे लिहावे, हे आम्ही लहानपणी शिकलो होतो. पुढे आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक झालो, संतसाहित्य शिकवू लागलो, आणि तिथे तर हा शब्द सदैव दोषांच्याच पंगतीत बसलेला भेटला. वारकरी परंपरेचे सांगणे तो टाकून देण्याचे, देहाचा असो, कुळाचा असो, विद्येचा असो. त्यामुळे २०१९ च्या जानेवारीत एका जुन्या विद्यार्थ्याने दूरध्वनी करून "सर, मॅडम, मुंबईला आमच्या अभिमान पदयात्रेला याल का?" असे विचारले, तेव्हा निमंत्रणाआधी तो शब्दच आमच्या मनात अडकून राहिला.

'आमच्या' या शब्दाचा अर्थ कळायला आम्हाला आणखी क्षणभर लागला. आमच्याकडून काही विचारले जाण्याची वाट न पाहता तोच पुढे म्हणाला, "तुम्ही एम.ए.ला 'मित्राची गोष्ट' शिकवलंत, आठवतं? त्या तासाची मी आठवडाभर वाट पाहिली होती."

तो तास आम्हाला आठवत होता. तेंडुलकरांचे हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले. एका तरुणीचे दुसऱ्या तरुणीवरचे प्रेम हा त्याचा उघड विषय आहे. आमच्यापैकी एकाने ते वर्गात शिकवले, तेही मनापासून. निवेदक बापूची भूमिका, काळाची हाताळणी, सत्तासंबंध, एकाकीपणा, सारे आले. मात्र मित्राच्या प्रेमाविषयी आम्ही एकच वाक्य बोललो होतो: हे नाते प्रतीकात्मक समजावे, लेखकाला मुळात माणसाच्या एकटेपणाविषयी बोलायचे आहे. वर्गाने ते वहीत उतरवून घेतले. त्यानेही उतरवून घेतले असणार.

'प्रतीक' हा आम्हा साहित्याच्या शिक्षकांचा मोठा आसरा आहे. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीत पुरुष कवी स्त्रीच्या तोंडून प्रियकराला साद घालतो. आम्ही म्हणतो, जीवाशिवाचे रूपक. विठ्ठल पुरुषदेव असून माउली होतो. आम्ही म्हणतो, वात्सल्याचे रूपक. हे खोटे नाही. पण रूपक ज्या भाषेत रुजते त्या भाषेला एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची मुभा आधीपासून ठाऊक असावी लागते, इकडे आम्ही कधी लक्ष वेधले नाही. जो विद्यार्थी आपल्याविषयीचा एक साधा शब्द मराठीत, वर्गात, शिक्षकांच्या तोंडून ऐकायला बसला होता, त्याला आम्ही रूपक देऊन परत पाठवले.

आम्ही गेलो. ऑगस्ट क्रांती मैदान आम्ही पाठ्यपुस्तकातून ओळखत होतो: ८ ऑगस्ट १९४२, 'चले जाव'. मुंबईची ही पदयात्रा २००८ मध्ये याच परिसरातून पहिल्यांदा निघाली. त्या वर्षी आपण मुखवटा लावून चाललो होतो, असे त्याने आम्हाला मैदानाच्या कडेला उभे राहून सांगितले. छायाचित्रात चेहरा दिसला असता तर नोकरी आणि घर, दोन्ही गेले असते. इंग्रजांनी १८६० च्या दंड संहितेत घालून ठेवलेले कलम ३७७ तेव्हा जसेच्या तसे होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये त्याची धार काढली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ती परत दिली, आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले. आता मुखवटा नव्हता. गालावर सहा रंगांचे पट्टे होते, आणि ते घामाने एकमेकांत मिसळले होते.

ढोल वाजू लागला, आणि मिरवणूक हलली. सप्तरंगी म्हणतात तो लांबलचक झेंडा प्रत्यक्षात सहा रंगांचा असतो, हे आम्ही तिथेच मोजून पाहिले. कोणी नऊवारी नेसलेले, कोणी पंख लावलेले, कोणी कार्यालयातून निघाल्यासारखे साध्या सदऱ्यातले. तृतीयपंथी मंडळींच्या टाळ्यांचा कडकडाट ढोलाच्या वर चढत होता. एक आई मुलाचा हात धरून चालत होती. तिच्या चेहऱ्यावर उत्साहापेक्षा निश्चय अधिक होता. चेतन दातारांच्या 'एक, माधवबाग' या नाटकातली आई आम्हाला आठवली. घोषणा बहुतेक इंग्रजीत आणि हिंदीत होत्या. मराठी कुठे आहे, असे आम्ही जरा कुरकुरतच विचारले. तो हसून म्हणाला, "तुम्हीच द्या ना एखादी." आम्हाला एकही सुचली नाही. आयुष्यभर शब्दांवर पोट भरलेली दोन माणसे त्या गर्दीत मुकी झाली.

नाना चौकाच्या अलीकडे एका जुन्या इमारतीच्या पायरीवर एक आजी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे, म्हणजे त्या गर्दीतल्या दोन पिकल्या केसांकडे पाहून विचारले, "कसली हो मिरवणूक?"

आमच्यातल्या एकीने उत्तर दिले, "अभिमान पदयात्रा आहे."

"कसला अभिमान?"

आम्ही पुन्हा अडखळलो. 'समलिंगी', 'पारलिंगी' हे शब्द जिभेवर येऊन थबकले. वर्गात थबकले होते तसेच. मग तोच पुढे वाकून म्हणाला, "आजी, आता लाजायचं नाही असं ठरवलंय आम्ही. त्याची मिरवणूक."

"असं होय," आजी म्हणाल्या, आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

त्या पायरीपाशी आमचे शाळेतले उत्तर चुकले. या अभिमानाचा विरुद्धार्थी शब्द नम्रता नव्हे. लाज हा आहे. जो मान आधी पदरात पडला आहे, तो उतरवून ठेवायला संत सांगतात. ज्याला जन्मापासून खाली पाहायला शिकवले गेले, त्याने उतरवायचे काय? संतांचा उपदेश सोवळ्याओवळ्याने माजलेल्यांना होता. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते त्यांना तर त्यांनी वाळवंटात बोलावून घेतले. हे आम्ही दरवर्षी शिकवतो. ते आमच्याच वर्गाला लागू करणे मात्र राहून गेले होते. ती लाज त्या मुलाला केवळ कायद्याने दिली नव्हती. त्या तासाला वाक्य घाईने पुढे नेणाऱ्या आमच्या आवाजानेही दिली होती. आम्ही काही वाईट बोललो नाही, एवढेच समाधान आम्ही इतकी वर्षे बाळगले; न बोलण्याचाही एक अर्थ विद्यार्थी वहीत लिहून घेतात.

परतल्यावर आम्ही 'मित्राची गोष्ट' पुन्हा वाचले. मित्राची गोष्ट मित्रा सांगत नाही, बापू सांगतो. तो सहृदय आहे, तिच्यासाठी धावपळ करतो, आणि तरी ती एकटीच उरते. २००६ मध्ये आलेल्या सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'त तनय आपली गोष्ट स्वतः सांगतो, आणि ज्याच्यावर प्रेम केले त्यालाच 'तू' म्हणून सांगतो. २०१२ मध्ये लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या शीर्षकातच दोनदा 'मी' म्हटले. 'तो'पासून 'मी'पर्यंतचा हा प्रवास मराठी साहित्याने आमच्या देखत केला. पुस्तके ग्रंथालयात होती. आम्ही बापूच राहिलो होतो.

उत्सव संपतो तसे प्रश्न संपत नाहीत. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्या रात्री त्याने आम्हाला एकच ओळ पाठवली: "घरभाड्याच्या करारावर आम्ही अजूनही 'मित्र'च." हा शब्द तेंडुलकरांच्या शीर्षकातून थेट त्याच्या करारावर येऊन बसला आहे. या वेळी ते प्रतीक नव्हते.

त्यानंतरच्या सत्रात आम्ही ते नाटक पुन्हा शिकवायला घेतले. पहिल्याच तासाला फळ्यावर 'समलिंगी प्रेम' असे लिहिले. मागच्या बाकावर कोणीतरी हसले, मग वर्ग शांत झाला. पूर्वी अशा शांततेला घाबरून आम्ही पुढचे वाक्य उरकून टाकत असू. या वेळी खडू खाली ठेवला आणि थांबलो. तास संपल्यावर फळा पुसण्याआधी एक मुलगी जागेवरच बसून राहिली होती. आम्ही तिला काही विचारले नाही. तो फळा आम्ही त्या दिवशी पुसला नाही.