पदकामागचा कागद

दुसऱ्या महायुद्धात मिळालेली पदके कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि नगर या भागांतील कित्येक घरांत आजही जपलेली आढळतात. परंतु ज्यांनी ती मिळवली त्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत, त्यांना प्रत्यक्ष प्रश्न विचारलेली माणसेही विरळ होत चालली आहेत, आणि त्यामुळे आजोबांनी लढाईत नेमके काय केले याचे उत्तर नातवंडांना धातू, फीत आणि दप्तरातील कागद यांच्या आधारे शोधावे लागते.

या शोधात पहिली गल्लत होते ती पदकांच्या प्रकारांविषयी. पिवळसर मिश्रधातूचे सहा टोकांचे ‘स्टार’ ही मोहीमपदके होत, म्हणजे सैनिक त्या रणक्षेत्रात होता एवढेच ती सांगतात. इटली स्टारच्या फितीवर इटलीच्या ध्वजातील लाल, पांढरा व हिरवा हे रंग आहेत, तर आफ्रिका स्टारची फीत वाळवंटाच्या फिकट रंगाची असून तिच्या मधोमध लाल पट्टा आहे. एका विशिष्ट कृतीसाठी किंवा सातत्याने दाखवलेल्या धैर्यासाठी दिले जाणारे शौर्यपदक याहून निराळे. भारतीय सैनिकांसाठी 1907 मध्ये सुरू झालेले ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’ हे असे एक पदक असून ते चांदीचे असते, त्याची फीत गडद निळी व मध्यभागी किरमिजी असते. ‘मिलिटरी मेडल’ हे दुसरे, आणि ते भारतीय सैनिकांना 1944 पासून मिळू लागले. शौर्यपदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत कोरलेली असते. ही कड उजेडात तिरकी धरून सावकाश फिरवली तरच अक्षरे लागतात, आणि जिथे दसऱ्याच्या पूजेसाठी पदक वर्षानुवर्षे रांगोळीने घासून लखलखीत केले गेले आहे तिथे नेमके हेच कोरीव काम झिजलेले असते. भक्तीने केलेल्या या घासणीत शोधाचा मुख्य दुवा पुसट व्हावा, याची हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

कारण सैनिकी दप्तरात माणूस ओळखला जातो तो क्रमांकाने. नाव इंग्रजीत लिहिताना कारकुनाच्या कानाला जसे भासले तसे उतरत असे, आडनावाच्या जागी कधी बापाचे नाव येई, जन्मतारीख अंदाजाने लिहिली जाई, आणि गावाचा जिल्हाही पुढे बदललेला असू शकतो: तेव्हाचा कुलाबा आज रायगड आहे, तर तेव्हाच्या रत्नागिरीतील दक्षिणेकडचे तालुके आज सिंधुदुर्गात आहेत. क्रमांकाखालोखाल महत्त्वाची ती बटालियन. जुन्या सहा पलटणी एकत्र करून 1922 मध्ये पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही रेजिमेंट बनवण्यात आली, तिचे केंद्र बेळगावला आले, आणि ‘1/5’ असा आकडा दिसला तर त्याचा अर्थ पाचव्या रेजिमेंटची पहिली बटालियन असा घ्यावयाचा असतो. पण हा आकडा घरच्यांच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहते ते पलटणीचे टोपणनाव. आजोबा ‘जंगी पलटणी’त होते असे घरात बोलले जात असेल तर ती पहिली बटालियन, आणि ‘काळी पाचवी’ असे ऐकलेले असेल तर ती दुसरी. म्हणूनच आजीच्या बोलण्यातील असा एखादा शब्द अभ्यासकाने कधीही हलका लेखू नये.

पदकाची घोषणा ‘लंडन गॅझेट’ या सरकारी राजपत्रात होत असे. परंतु व्हिक्टोरिया क्रॉसच्या बाबतीत पराक्रमाचा सविस्तर वृत्तान्त तेथे छापला जाई, तर सामान्य शौर्यपदकांच्या बाबतीत ‘इटलीतील शौर्य व उल्लेखनीय सेवेबद्दल’ अशा मथळ्याखाली केवळ नावांची यादी येई. वृत्तान्त असे तो शिफारसपत्रात. ही शिफारसपत्रे मोठ्या संख्येने लंडनमधील क्यू येथील ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात जपलेली असून ती नावाने शोधता येतात. छापील नमुन्यावर वर ब्रिगेड, डिव्हिजन व कोअर यांचे रकाने, त्याखाली क्रमांक, हुद्दा व नाव, मध्ये टंकलिखित मजकूर, आणि कडेला कमांडिंग ऑफिसरपासून सेनापतीपर्यंत चढत गेलेल्या सह्या असतात. कित्येकदा सुचवलेले पदक खोडून त्याऐवजी दुसरे लिहिलेले दिसते. कुणीतरी वरच्या कचेरीत बसून एका माणसाच्या धैर्याची प्रत ठरवली, हे त्या एका रेघेत उघडे पडते.

या कागदाचे मोल नीट कळते ते पलटणीच्या युद्धरोजनिशीशेजारी ठेवल्यावर. युद्धरोजनिशी म्हणजे प्रत्येक बटालियनने हालचाली, चकमकी व हानी यांची ठेवलेली दैनंदिन नोंद. तीत अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपायांचे मात्र बहुधा आकडेच येतात, इतके ठार आणि इतके जखमी. शिपाई काय करत होता, कुठून धावला, कुणाला उचलून आणले, हे त्याच्या नावासह सांगणारा शिफारसपत्र हा जवळजवळ एकमेव कागद असतो. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांच्याविषयी, ते 10 जुलै 1944 रोजी इटलीतील टायबरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीतील सोबती पडल्यावर मशीनगनच्या ठाण्यावर एकटे धावून गेले, त्यांनी हातबॉम्बने ती मशीनगन गप्प केली आणि शेवटी छातीत व पाठीत गोळ्या लागून ते पडले, हे आज सांगता येते ते अशाच लेखनामुळे. त्यांची कबर ज्ञात नाही. नाव कॅसिनो येथील स्मारकावर आहे.

येथे एक गोष्ट मनाला लागते. ज्यांच्याविषयी हा मजकूर लिहिला गेला त्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, कागद वरच्या कचेऱ्यांतून फिरून फायलीत गेला, आणि म्हणून नातू जेव्हा तो वाचतो तेव्हा आजोबांनीही कधी न वाचलेले त्यांचे वर्णन त्याच्यासमोर असते. त्याचे मराठी करून घरच्यांना वाचून दाखवणे हे संशोधनाचे अंगच मानले पाहिजे, कारण वृद्ध नातेवाइकांच्या स्मृती बहुधा त्या वाचनानंतरच जाग्या होतात.

मात्र शिफारसपत्र काही मिनिटांचेच सांगते, तेही अधिकाऱ्याच्या नजरेतून, आणि ज्याचे धाडस पाहणारा अधिकारी त्याच लढाईत पडला त्याच्यासाठी ते बहुधा लिहिलेच जात नाही. 21 जून 1942 रोजी तोब्रुक पडले तेव्हा तेथे असलेली दुसरी बटालियन, म्हणजेच काळी पाचवी, शत्रूच्या हाती सापडली आणि तिचे जवान युद्धकैदी झाले. अशा घरातील नातवाला शिफारसपत्राऐवजी पकडले गेल्याची तारीख, छावणीचा उल्लेख आणि सेवापुस्तकातील काही कोरी वर्षे एवढेच हाती लागण्याचा संभव अधिक. तेवढेही मिळाले तर ते तितक्याच आस्थेने लिहून ठेवावे, कारण तीन वर्षांच्या कैदेत उपासमार व आजार सोसून तग धरणाऱ्याच्या बाजूने शिफारस करायला कोणी उरलेले नव्हते, आणि वाळवंटाच्या रंगाची ती आफ्रिका स्टारची फीत त्यालाही इतर सर्वांसारखीच मिळाली.