पेटारा घेण्याआधी

चि. सोनूस,


फोनवर दाखवलेला लाकडी खेळण्यांचा पेटारा सुरेख आहे, पण किंमत ऐकून माझे डोळेच फिरले. घेऊ नकोस असं नाही. आधी स्वयंपाकघर धुंडाळ. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांना सोबत घेऊन आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. माँटेसरीबाईंच्या शिक्षणपद्धतीतली, तुझ्या पेटाऱ्यासारखी महागडी साधनं तिथे परवडणार कशी? मग शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. पोरं शाळेत येईनात, तर शाळाच पाड्यावर नेली.

तू जुन्या लुगड्याच्या सहा पुरचुंड्या शिव. दोनांत बाजरी, दोनांत मका, दोनांत भुईमुगाच्या शेंगा, फोलासकट. नुसती गाठ नको, तोंड बारीक टाक्यांनी शिवून टाक; तीन वर्षांचं पोर दाणा नाकात घालायला मागेपुढे पाहत नाही. सगळ्या एका पिशवीत घाल आणि लेकराला न बघता जोड्या लावायला सांग. बाजरी बोटांखालून निसटते, मका हाताला लागतो, शेंगा करकरतात. इथे साक्रीत माझ्या बालवाडीतली पोरं पिशवीत कोपरापर्यंत हात घालून ‘हाई काय शे?’ म्हणून ओरडायची! जोडी चुकली तर तू बोलू नकोस. परत चाचपलं की त्याचं त्यालाच उमगतं. आपल्याला तेवढा वेळ गप्प बसवत नाही, खरी अडचण तीच.

हे जमलं की वाळूची अक्षरं. पुठ्ठ्यावर तळहाताएवढं अक्षर काढायचं, त्यावर डिंक फिरवायचा, वर चाळलेली बारीक वाळू भुरभुरायची आणि वाळल्यावर झटकायचं. वाळू नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर कापून चिकटव. सुरुवात अ-आ-इ ने नको. ग, म, भ, न घे, त्यांची वळणं सोपी. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मिळून, आपण लिहितो त्याच दिशेने फिरवायला लाव आणि फिरवताना नुसता ‘ग’ म्हण, गणपती नंतर. पेन्सिलीची घाई तर मुळीच करू नकोस, मग शेजारणीचा मुलगा एबीसीडी लिहीत का असेना.

कान नदीची वाळू धुऊन, वाळवून ठेवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवते. तोवर पुरचुंड्या शिव आणि पहिली जोडी कोणती लागली ते कळव.

तुझी,
मावशी