सतराव्या वर्षापर्यंतची टाच

गेल्या वर्षी आमच्या घरातली सकाळ एकाच पद्धतीने सुरू व्हायची. मी अंथरुणातून उठायचे, पहिली दहा-बारा पावलं भिंतीला धरून लंगडत टाकायचे, आणि तोवर आई फणी घेऊन दाराशी बसलेली असायची. माझी उजवी टाच दुखत होती. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यामुळे तिची वेणी मी घालायचे. लहानपणी ती माझी घालायची, तेव्हा मी हलले की डोक्यात फणी बसायची. आता ती अजिबात हलत नव्हती. हललं की खांद्यातून कळ जायची.

मी पोलीस भरतीची तयारी करत होते. मानोऱ्यात राहत असाल तर पहाटे दिग्रसच्या रस्त्यावर पळणारी पोरंपोरी तुम्ही पाहिली असतील, त्यांतलीच मी एक. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि चार किलोचा गोळा. मैदानी परीक्षेच्या 50 गुणांपैकी 20 एकट्या 800 मीटरला. म्हणून मी डांबरावर, स्वस्तातल्या बुटात, एकही दिवस न चुकता पळत होते. टाचेच्या वरची शीर आधी फक्त सकाळी आखडायची, मग पळताना, मग पळून झाल्यावर रात्रभर. "पळून पळून मोकळी होईन," असं सगळे म्हणायचे. मी गोळी घेऊन पळत राहिले. मैदानावर शेवटच्या वळणावर पाय टेकवेना. त्या 20 पैकी हातात फार थोडे पडले.

घरी आले तर आई म्हणाली, "काय झालं वं?" मी काही बोलले नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. पण त्याच आठवड्यात तिला पदर डोक्यावर घेता आला नाही, आणि आम्ही दोघी मंगरूळपीरवरून एसटीने वाशीमला गेलो.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी आधी माझी पोटरी दाबून पाहिली, मग आईला म्हणाल्या, "काकू, नमस्कार करा बरं." आईने हात जोडले. डाव्या हातानेच उजवा छातीपाशी आणला. ताईंनी वाकून तिच्या तळव्यांकडे पाहिलं. बोटं एकमेकींना टेकली होती, पण तळहात पूर्ण मिळत नव्हते, मधे फट राहत होती. "शुगर किती वर्षांपासून आहे?" त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. शुगर आहे हे आम्हाला दीडच वर्षापूर्वी कळलं होतं. हातांना बहुतेक आधीच कळलं असावं.

ताईंनी त्या दिवशी जे सांगितलं ते मी नंतर बरंच वाचून काढलं, कारण मला दुसरं काही काम नव्हतं. नववीच्या विज्ञानात 'संयोजी ऊती' आपण पाठ केलेल्या असतात. स्नायूला हाडाशी जोडते ती स्नायुरज्जू, हाडाला हाडाशी बांधतो तो अस्थिबंध, सांध्याभोवती असते ती पिशवी, आणि स्नायूंना आतून-बाहेरून गुंडाळणारं पातळ आवरण, ज्याला फॅसिया म्हणतात. पाठ करताना ही सगळी नावं वेगवेगळी वाटतात. पण त्यांचा धागा बराचसा एकच आहे, कोलॅजन. शरीरातल्या एकूण प्रथिनांचा पाव ते तिसरा हिस्सा हाच.

या धाग्याची रचना आपल्याच देशात उलगडली. 1954-55 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुरज्जूवर क्ष-किरण टाकून दाखवलं की कोलॅजनचे तीन पदर एकमेकांभोवती पीळ घालून बसलेले असतात. ते वाचलं तेव्हा माझ्या हातात आईच्या केसांचे तीन पदर होते. खरं तर कोलॅजन वेणीपेक्षा वळलेल्या दोरासारखं आहे. पण मला वेणीच आठवत राहिली.

आता आईचा खांदा. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजनला चिकटते आणि धाग्यांमध्ये नको तिथे गाठी मारते. दोर कडक होतो, एकमेकांवरून सरकेनासा होतो. म्हणून तळहात मिळत नाहीत. आणि म्हणूनच मधुमेह असलेल्यांचा खांदा इतरांपेक्षा जास्त जखडतो. खांद्याची पिशवी जाड होते, आकसते, आणि हात वर करायला लागणारी तिची ढिली घडीच उरत नाही. आधी दुखतं, मग जखडतं, मग हळूहळू सुटतं. सुटायला वर्ष लागतं, कधी दोन, कधी तीन. "इंजेक्शननं दुखणं कमी होईल," ताई म्हणाल्या, "पण घाई नाही करता यायची."

आईला ते 'तीन वर्षं' ऐकू आलं नाही. तिने विचारलं, "निंदायले जमन ना?"

तिचा प्रश्न बरोबर होता. सोयाबीनचं निंदण आमच्याकडे बसून, उकिडवं सरकत किंवा कमरेत वाकून होतं. कापूस वेचायला वाकायचं, तूर तोडायलाही वाकायचं. माणूस फार वेळ वाकून राहिला की पाठीचे अस्थिबंध चिंगमसारखे हळूहळू लांबतात, आणि उठल्यावर लगेच पूर्ववत होत नाहीत. तोपर्यंत कमरेला त्यांचा आधार कमी पडतो. संध्याकाळी बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहतात ना, तेव्हा आत हे चाललेलं असतं. आपल्यासारख्यांना ताठ बस, मान वर कर, असं सगळे सांगतात. पण वाकणं वाईट नसतं. तासन्‌तास एकाच वाकात राहणं वाईट. शेतात मजुरीवर असलेल्या बाईला मधेच उठून हातपाय ताणायची मुभा कोण देतं? मी फोन घेऊन तीन तास मान खाली घालते ती माझ्या मर्जीने. तिची मान दुसऱ्याच्या तासात खाली असते.

माझ्या टाचेबद्दल मात्र मला असं काही सापडलं की त्या रात्री झोप आली नाही. 1955 ते 1963 या काळात जगात अणुचाचण्या झाल्या, आणि हवेतलं कार्बन-14 जवळजवळ दुप्पट झालं. मग ते दर वर्षी कमी होत गेलं. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या शरीरात त्याची खूण राहिली. 2013 साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी अशा लोकांच्या टाचेची स्नायुरज्जू तपासली. तिच्या गाभ्यातला कार्बन त्या माणसांच्या बालपणातला निघाला. म्हणजे हा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत तयार होतो आणि पुढे जवळपास बदलत नाही.

मी तेवीस वर्षांची. म्हणजे ज्या शिरेवर मी भरती मारणार होते ती सहा वर्षांपूर्वीच विणून झालेली होती. मग मी आठवायला लागले की सतरापर्यंत मी काय केलं. आईमागे अनवाणी शेतात गेले. ढेकळांवरून चालले. हंडा आणला. रामनवमीला पोहरादेवीला पायी गेले, चैत्राचं ऊन, डांबर पायाला चिकटत होतं. शाळेत उशीर झाला म्हणून पळाले. ही शीर त्या सगळ्याची आहे. आणि तशीच एक आईची आहे, पण तिच्या सतरापर्यंत काय काय होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

विचारलं. वेणी घालता घालता. ती म्हणाली, "मी तं आठव्या वर्षीपासून वेचाले जात होती." आणि पुढे गप्प झाली.

गाभा बदलत नाही, म्हणून काहीच होत नाही असं नाही. शिरेला रक्त कमी मिळतं, ती पांढरी दिसते त्याचं एक कारण तेच, आणि म्हणून ती सावकाश सुधारते. पण वजन दिलं तर ती प्रतिसाद देते. स्वीडनच्या हाकन आल्फ्रेडसन या डॉक्टरांची स्वतःची टाच दुखत होती. वरिष्ठ ऑपरेशन करेनात, म्हणून शीर पार बिघडवून टाकू, मग तरी करतील, अशा इराद्याने त्यांनी पायरीवरून टाच खाली सोडण्याचा व्यायाम सुरू केला. बिघडायच्या ऐवजी ती बरी झाली. 1998 मध्ये त्यांनी तो व्यायाम प्रसिद्ध केला. चवड्यावर उभं राहायचं, दुखऱ्या पायाची टाच सावकाश पायरीच्या खाली न्यायची. 15 च्या तीन फेऱ्या गुडघा सरळ, तीन फेऱ्या गुडघा वाकवून. सकाळ-संध्याकाळ, 12 आठवडे. ताईंनी मला तोच दिला. (तुमची टाच दुखत असेल तर आधी कुणाला तरी दाखवा, मग करा.)

आईला दिला भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी चालत वर जायचं. जिथे थांबेल तिथे मी पेन्सिलने खूण करायचे, खाली तारीख. पहिल्या महिन्यात सगळ्या खुणा एकमेकींवर आल्या. मला वैताग यायचा. मी पायरीवर मोजत असायचे, भरतीची नवी जाहिरात कधीही येईल, वय निघून चाललंय, आणि या दोन शिरा काही केल्या घाई करत नाहीत. एकदा मी चिडून पळायला निघालेच. आईने पायरीवर बसूनच विचारलं, "तीन आठवडे झाले ना? अजून किती सांगतले त्या बाईनं?" नऊ, मी म्हटलं. "मंग बस ना."

सहाव्या आठवड्यात सकाळची लंगड कमी झाली. बाराव्यात मी हळू पळाले, डांबराच्या कडेच्या मातीवर, एक किलोमीटर. आईच्या खुणा आता वीतभर वर आल्यात. शुगरची गोळी ती विसरत नाही. नमस्काराची फट तशीच आहे, ती बहुधा राहील. निंदायला ती गेली, डाव्या हाताने, अर्ध्याच दिवसासाठी, अर्ध्याच मजुरीवर.

परवा तिने स्वतःची वेणी घातली. मानेपर्यंत हात पोचतो, टाळूपर्यंत नाही. वेणी तिरपी झाली होती, उजवीकडचा पदर ढिला. मी सोडून परत घालायला गेले तर तिने हात झटकला, उजवाच.

"राहू दे," ती म्हणाली. "भांग तेवढा पाडून दे."