नव्या शहरातली जुनी गाडी

आपल्या शहराचं नावच मुळी नवी मुंबई. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि खाडीच्या अलीकडच्या भातशेतांवर, मिठागरांवर हे शहर आखून काढलं गेलं. इथे सगळ्यांना नव्याचं कौतुक. अशा गावात जुनी वस्तू हौसेनं विकत घेणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघतात. २०२३ साली मी २०१२ सालची मोटारसायकल दारात आणून उभी केली, तेव्हा बाबांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षांची?"

"अकरा."

"मग हिला शाळेत घालायची की रस्त्यावर आणायची?"

आईनं हळदकुंकू लावून माझी बाजू घेतली आणि गाडी घरची झाली.

गाडी म्हणजे हीरो कंपनीची इम्पल्स. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट, दोन्हीकडे चालावी अशा बेताची. उंच, सडपातळ, तारांची चाकं, पुढचं एकोणीस इंची, मागचं सतरा. आज हिमालयन किंवा एक्सपल्स कोणालाही ठाऊक असते. पण हिमालयन आली २०१६ साली आणि एक्सपल्स २०१९ साली. इम्पल्स त्यांच्याही आधी, २०११ साली आली. तेव्हा लोकांना तिचं प्रयोजन कळलं नाही आणि काही वर्षांनी ती बंद झाली. शिकवण्यांच्या पैशांत मला परवडली ती त्यामुळेच.

तेव्हापासून कॉलेजच्या पार्किंगमध्ये कोणी ना कोणी मला गाठतं. "असलीच एक जुनी बघतोय, काय काय पाहू?" प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढावं, म्हणून हा प्रपंच.

मित्रहो, आधी कागद. आर.सी. बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. जुन्या मालकाकडून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. गाडी दुसऱ्या आर.टी.ओ.ची असेल तर ना हरकत दाखला आणि कधी काळी कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ मागा. "नंतर देतो" या शब्दाला इथे किंमत नाही. विमा स्वतःच्या नावावर करून घ्या. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे माझी गाडी २०२७ साली पुन्हा तपासणीला उभी राहणार. स्वस्त गाडी घेताना हा पुढचा खर्चही धरावा.

कागद झाले की माणूस गाडीच्या प्रेमात पडायला मोकळा. आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो, कारण खरा सल्ला त्यातच आहे.

मी गाडीला आधी सजवलं. बाजूंना लोखंडी पेट्या, पुढे जादा दिवे, हँडलला मोबाइलचा स्टँड. नऊ हजार रुपये गेले. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत होतं, आवाज गोड होता. आणखी काय हवं? २०२४ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीला मागे बसवून लोणावळ्याला आत्याकडे गेलो. द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद. आम्हां दुचाकीवाल्यांच्या वाट्याला नव्या रस्त्यांपैकी फारसं काही येत नाही. जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही आम्हाला मज्जाव. म्हणून आपला जुना रस्ता, पनवेल, चौक, खोपोली आणि मग घाट. चढताना गाडीनं नाव राखलं.

उतरताना दुपार होती. पेटीत आत्यानं दिलेली चिक्की, मागे बहिणीच्या गप्पा. मी तोऱ्यात तिसऱ्या गिअरमध्ये, हाताचा ब्रेक दाबत दाबत उतरत होतो. एका वळणावर ब्रेक दाबला तो एकदम मऊ लागला. पुन्हा दाबला, तर लिव्हर थेट मुठीला येऊन टेकला. पुढे भरलेला ट्रक. गिअर दुसरा, मग पहिला, इंजिन किंचाळलं, मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला आणि शिंगरोबाच्या देवळापाशी गाडी कशीबशी कडेला थांबली.

"दादा, देवाला थांबलास?" बहिणीनं विचारलं.

मी म्हटलं, "हो."

या शिंगरोबाची आख्यायिका अशी, की हा धनगर. यानं इंग्रजांना घाटातली वाट दाखवली आणि वाट सापडल्यावर त्यांनी त्यालाच मारलं. घाटातले गाडीवाले इथे नाणं टाकून पुढे जातात. बहिणीनंही टाकलं. मी पुढच्या चाकापाशी बसलो होतो. बाटलीतले चार थेंब डिस्कवर टाकले तर तापल्या तव्यावर पडावेत तसे चुरचुरले. अर्ध्या तासानं चाक निवलं, लिव्हर पुन्हा कडक लागू लागला. मग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, मुंगीच्या पावलांनी खोपोली गाठली. तिला काही सांगितलं नाही. घरी तर नाहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तुर्भ्याच्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून दाखवलं. आत कोऱ्या चहासारखं काळं पाणी. "हे कधी बदललंय?" मला ठाऊक नव्हतं; बहुधा कोणालाच ठाऊक नव्हतं. खाडीच्या दमट हवेत कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती. त्यामुळे पॅड डिस्कला सतत घासत होते आणि भर म्हणून मी उतारभर ब्रेक धरून होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. जुनं झालं की कमी उष्णतेला उकळतं. उकळलं की त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग लिव्हरचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. दोष ना गाडीचा होता, ना घाटाचा.

पिना, पॅड, ऑइल आणि मजुरी मिळून साडेआठशे रुपये झाले. पैसे घेताना मिस्त्री म्हणाले, "भाऊ, जुनी गाडी चालते का ते सगळे बघतात. थांबते का ते कोणी बघत नाही."

माझ्या सगळ्या सल्ल्याचं सार या दोन वाक्यांत आहे. तेव्हा जुनी गाडी घेतलीत की खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी ती थांबली पाहिजे, मग सरळ गेली पाहिजे, मग पळाली पाहिजे, आणि पैसे उरलेच तर दिसली पाहिजे. ब्रेक ऑइल पहिल्याच दिवशी बदला आणि पुढे दर दोन वर्षांनी. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी कडेचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. म्हातारा टायर नक्षीसकट फसवतो. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्येच अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेला. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा. खुळखुळलं तर बेअरिंग. तारांवर पान्यानं एकेक टिचकी मारा. बद्द वाजणारी तार सैल. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं असेल तर ऑइल सील. चेन आणि स्प्रॉकेट जोडीनंच बदला, नाहीतर झिजलेलं स्प्रॉकेट नवी चेन खातं.

इंजिनाची त्या मानानं काळजी कमी. इम्पल्सचं इंजिन हंक आणि एक्स्ट्रीम यांच्या घराण्यातलं, सुटे भाग मिळतात. प्लॅस्टिकचे भाग मात्र मिळणं कठीण, म्हणून घेतानाच ते शाबूत आहेत का पाहा. हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तेही पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. आणि पहिले पाचशे किलोमीटर घरापासून वीस किलोमीटरच्या आतच फिरा. गाडीला जे काही सांगायचं असेल ते ती पामबीच रोडवर सांगू दे, घाटात नको.

शेवटचं म्हणजे एक वही घाला. काय बदललं, कधी, किती किलोमीटरला. माझ्या वहीचं पहिलं पान त्या मे महिन्याचं आहे.

यंदा बहीण अठरा वर्षांची झाली, लायसन्स काढलं आणि गाडी मागू लागली. मी म्हटलं, आधी वही वाच. पहिल्या पानावर लिहिलेलं मी विसरलो होतो: "घाटात पुढचा ब्रेक गेला. तिला सांगितलं नाही." तिनं ते वाचलं आणि वही मिटली.

"मला तेव्हाच कळलं होतं. देवाला थांबलेला माणूस देवळाकडे बघतो, दादा. तू चाकाकडे बघत होतास."

"मग बोलली का नाहीस?"

"तू घाबरला होतास ना."

यावर मला काही बोलता आलं नाही. किल्ली तिच्या हातात दिली. तिची पावलं जमिनीला जेमतेम टेकत होती. गाडी सुरू करण्याआधी तिनं हाताचा ब्रेक एकदा, दोनदा, तीनदा दाबून पाहिला, आणि मगच किल्ली फिरवली.