मोटारीच्या अंगावरील ओरखडे

मोटार ही वस्तु आतां केवळ धनिकांच्या दारचीच शोभा राहिलेली नाहीं. १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा होऊन वाशीम जिल्हा झाला, त्या वेळीं आमच्या गल्लींत चारचाकी गाडी एकच होती. आज शेतकरी, शिक्षक, आडत्ये आणि भाड्यानें गाडी चालविणारे तरुण अशा कितीएकांच्या दारांत ती उभी दिसते. बहुतेकांनीं ती कर्ज काढून घेतलेली असते, व म्हणूनच तिची निगा ते पोटच्या पोराप्रमाणें राखतात. पहांटे उठून तिच्यावर फडकें फिरविल्यावांचून त्यांस चहा गोड लागत नाहीं. परंतु नवल असें कीं, जो गृहस्थ आपली गाडी सर्वांत अधिक पुसतो, त्याचीच गाडी दोन वर्षांत सर्वांत अधिक निस्तेज दिसूं लागते. याचें कारण शोधण्याचा नाद आम्हांस लागला, आणि पुढें एका तंट्यांत तो उपयोगीही पडला.

आमच्या शेजारीं एक गृहस्थ राहतात. त्यांची काळी मोटार लग्नसराईंत नवरदेवासाठीं व एरव्हीं शेगांव, पोहरादेवी अशा यात्रांसाठीं भाड्यानें जाते. तिच्या तेजावर त्यांचें गिऱ्हाईक अवलंबून. एके दिवशीं ते संतापून आमच्याकडे आले आणि म्हणाले, “त्या पोट्ट्यानं माह्या गाडीची पार वाट लावली, सर!” पोट्टा म्हणजे गाड्या धुण्याच्या एका दुकानांत काम करून आपल्या शिक्षणाचा खर्च भागविणारा मुलगा. उन्हांत पाहतां बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे स्पष्ट दिसत होते, आणि पॉलिशचा सर्व खर्च त्या मुलाच्या पगारांतून कापून घ्यावा असें त्यांनीं दुकानदारास बजावलें होतें.

निवाडा करण्यापूर्वीं मोटारीचा रंग म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. पत्र्यावर अस्तर, अस्तरावर रंग आणि रंगावर क्लिअर कोट नांवाचा पारदर्शक लेप, अशी आजच्या मोटारीची कातडी असते. हे सर्व थर मिळून साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन भरतात; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांत वरचा पारदर्शक लेप चाळीस-पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या डोक्याच्या केंसाहूनही पातळ असतो. पूर्वींच्या ॲम्बेसिडर गाड्यांस हा लेप नसे. पॉलिश करतांना फडक्यास गाडीचाच रंग लागे. आमच्याकडे जुने रंगारी अद्यापि ‘ड्यूको’ हें नांव घेतात, तें अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीनें १९२३ सालीं काढलेल्या रंगाचें. असो.

हा लेप मऊ आहे. त्याच्यावर बसणारी आमच्याकडील धूळ मात्र मऊ नाहीं. काळ्या मातीचा बारीक भाग मृदु असतो हें खरें. पण तिच्याबरोबर खडी फोडणाऱ्या यंत्रांतून उडालेला काळ्या दगडाचा चुरा येतो, शेतांतील गारगोटीचे कण येतात, आणि गारगोटी तर कांचेवरही रेघ ओढते. दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची मळणी सुरू झाली कीं भुशाचा थर निराळाच. अशा थरावर कोरडें फडकें फिरविणें म्हणजे गाडी पुसणें नव्हे, तिला पॉलिशपेपर मारणें होय.

आणि ते ओरखडे गोल कां दिसतात? वस्तुतः ते गोल नसतातच. ते सर्व दिशांनीं गेलेले असतात. परंतु प्रकाशबिंदूच्या भोंवतीं जे आडवे पडतात तेवढेच आपल्या डोळ्यांकडे उजेड फेंकतात, म्हणून चक्राचा भास होतो. घरांतील स्टीलचें जुनें ताट उन्हांत धरून पहा. तेंच चक्र तेथेंही आढळेल, आणि ताट हलविलें तर चक्र उजेडाबरोबर सरकेल.

तेव्हां शेजारी, तो मुलगा आणि आम्ही असे तिघे सायंकाळीं मोबाईलची बत्ती घेऊन त्या गाडीभोंवतीं फिरलों. बॉनेटवर आणि चालकाच्या बाजूस जाळें दाट होतें. छपराच्या कडेला तें होतें. मध्यभागीं मात्र जवळजवळ नव्हतें. दुकानांत छप्पर लांब दांड्याच्या ब्रशानें या टोंकापासून त्या टोंकापर्यंत धुतात. दोष तेथला असता तर मधला भाग सुटता ना. उभ्या माणसाचा हात जेथवर पोंचतो तेथवरच ओरखडे होते. आम्ही कांहींच बोललों नाहीं. गृहस्थांनीं एकदां छपराकडे, एकदां खिडकींत ठेवलेल्या आपल्या पिवळ्या फडक्याकडे पाहिलें, आणि त्या मुलाला म्हणाले, “बाबू, चहा घेतोस काय?” पगार कापण्याची गोष्ट पुन्हां निघाली नाहीं.

दुकानाचा दोष कधींच नसतो असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जमिनीवर पडलेला स्पंज तसाच उचलून लावणारे पुष्कळ आहेत. आणि दसऱ्याच्या दिवशीं तर घरोघरीं जें चालतें तें पाहवत नाहीं. एकाच बादलींत चार वाहनें धुतलीं जातात. ज्या कापडानें चाकें पुसलीं त्याचनें बॉनेट. दुसऱ्या दिवशीं वाळलेलें हळद-कुंकू नखानें खरवडतात आणि झेंडूच्या हाराची तार रंगावर घांसते. पूजा अवश्य करावी. तार तेवढी कापडाच्या पट्टींत गुंडाळावी आणि कुंकू ओल्या कापडानें भिजवून काढावें.

वास्तविक धुण्याची खरी रीत आमच्या शेतकऱ्यास शिकवावयास नको. पोळ्याच्या दिवशीं तो बैलाला नदीवर नेतो तेव्हां प्रथम त्याला पाण्यांत उभा करतो, चिखल भिजून सुटूं देतो, आणि मगच अंग चोळतो. मोटारीचें तेंच. सावलींत, पत्रा गार असतां, आधीं नुसतें पाणी सोडून खडे वाहूं द्यावे. मग गाडीसाठीं मिळणारा सौम्य शांपू घ्यावा. कपड्यांची पावडर मेणाचा थर धुवून नेते. बादल्या दोन असाव्या, एकींत शांपूचें पाणी व दुसरींत स्वच्छ पाणी. दर खेपेस कापड स्वच्छ पाण्यांत खळबळून मगच शांपूंत बुडवावें. छपरापासून आरंभ करून खालीं यावें, चाकें शेवटीं, आणि त्यांचें कापड वेगळें. शेवटीं मायक्रोफायबरचा जाड टॉवेल पसरून दाबावा. तो रगडूं नये. बोअरचें जड पाणी अंगावर वाळूं दिलें तर क्षारांचे पांढरे डाग पडतात, म्हणून हें काम तत्परतेनें करावें.

येथें कोणी म्हणेल, एकबुर्जी धरणाच्या पाण्यावर तहान भागविणाऱ्या शहरांत मोटारीस इतकें पाणी कोठून आणावें? प्रश्न रास्त आहे, आणि उन्हाळ्यांत नळी सोडून गाडी धुणाऱ्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण दोन बादल्या आणि आधींच्या भिजवणीस एक तांब्या-झारी इतक्यांत भागतें, तेंही पंधरा दिवसांतून एकदां. मधल्या दिवसांत धूळ राहूं द्यावी. धूळ नुसती बसून राहिली तर ओरखडा काढीत नाहीं. आमचा हातच तिला चालवितो. रोज पुसण्याची संवयच मोडेल तर पाणीही वांचेल आणि रंगही.

आतां पडलेल्या ओरखड्यांविषयीं. पुष्कळांची समजूत आहे कीं पॉलिशनें ओरखडा भरतो. तसें नाहीं. पॉलिशमधील सूक्ष्म कण भोंवतालचा लेपच घांसून ओरखड्याच्या तळापर्यंत खालीं आणतात. म्हणजे दर पॉलिशला गाडी कांहीं मायक्रॉन गमावते, आणि हाच लेप वैशाखाच्या उन्हाचा मारा अडवीत असतो. तो अति पातळ झाला कीं पुढें त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून चार वर्षांत एखादेंच पॉलिश, तेंही जाणत्या हातानें, आधीं कोपऱ्यावर हातभर जागेंत करून पाहून. खोबरेल तेलानें किंवा स्वस्त मेणानें ओरखडे लपतात व दुसऱ्या धुण्यास परत येतात. टूथपेस्टनें एखादी हलकी रेघ पुसट होते, कारण तिच्यांतही घांसणारे कण आहेत. पण तिनें अख्खें बॉनेट रगडणें हा अविचार होय.

नख हळूच आडवें फिरवून पहावें. अडकलें नाहीं तर पॉलिशनें काम भागतें. नख अडकलें तर चरा खोल आहे. तेथें घांसत बसूं नये. आणि पत्रा उघडा पडला असेल तर पावसाळ्यापूर्वीं गंज रोखणें हेंच पहिलें काम. शेजाऱ्यांच्या गाडीस मागील दारावर बाभळीच्या कांट्याचा असा एक चरा होता. त्यांनीं गाडीच्या रंगाच्या क्रमांकाप्रमाणें टचअपची लहान बाटली मागविली, आणि त्याच मुलानें बारीक कुंचल्यानें, दर थर वाळूं देत, तीन दिवसांत तो भरला. जवळून पाहिलें तर रेघ अजून कळते. पण वरातीच्या गर्दींत दाराशीं वांकून पाहतो कोण?