जंजिऱ्याच्या दारावरील थट्टा

राजपुरीहून शिडाच्या होडीनें जंजिऱ्याकडे निघालें म्हणजे बराच वेळ नुसता तटच दिसतो. दरवाजा अगदीं जवळ गेल्यावांचून डोळ्यांस सांपडत नाहीं. त्या दरवाजाच्या भिंतींत एक शिल्प आहे. व्याघ्रासारखा एक पशु, आणि त्याच्या पंजांत नि शेपटींत हत्ती. मांजरानें उंदीर धरावे तसे! दगडांत कोरलेलें हें व्यंगचित्रच होय. शत्रूंना सिद्दीनें केलेली ही वांकुली, असा अर्थ लोक लावतात. शिवछत्रपति व संभाजीराजे ह्यांनाही हा किल्ला मिळाला नाहीं, तेव्हां ती बढाई पोकळ म्हणवत नाहीं.

मला मात्र तेथें होगार्थ ह्या इंग्रज व्यंगचित्रकाराचें १७६४ सालचें, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलें चित्र आठवलें. त्यांत प्रत्यक्ष काळपुरुषच मरणोन्मुख पडला आहे: विळा मोडलेला, वाळूचें घड्याळ भंगलेलें, आणि तोंडांतून निघणाऱ्या शेवटच्या धुरांत ‘समाप्त’ हा शब्द. होगार्थही त्याच वर्षीं वारला.

इकडे १९४८ सालीं जंजिरा संस्थान विलीन झालें. दारावरचे हत्ती अजून सुटले नाहींत. पण आंत सिरुलखान सिद्दीचा वाडा ढांसळला असून तटावर तोफा निमूट पडल्या आहेत.

परततांना राजपुरीजवळ खोकरीचे तीन घुमट अवश्य पाहावे. त्यांतला सर्वांत मोठा ह्याच सिरुलखानाच्या कबरीवर आहे. त्यानें १७०७ ते १७३४ पर्यंत कारभार केला, आणि ही कबर हयातींतच बांधून ठेविली, असें सांगतात.